पुण्यात मॉलिक्युलर बायोलॉजीत पोस्टडॉक : पहिल्या ईमेलपासून पहिल्या तीन महिन्यांपर्यंत

पीएचडी हातात आली आहे किंवा यायच्या बेतात आहे, मॉलिक्युलर बायोलॉजीचे काम येते आणि पुण्यात पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचे ठरावीक मुदतीचे संशोधन, करायचे मनात आहे, अशांसाठी हे लिहिले आहे. कोल्हापूर, नांदेड, जळगाव, अमरावतीच्या विद्यापीठांतून येणाऱ्या मुलामुलींचा हात बहुधा चांगला बसलेला असतो. घोडे अडते ते माहितीवर : कुणाला लिहायचे, कधी लिहायचे, कोणता दाखला कोणत्या नमुन्यात लागतो. हे कुणी शिकवत नाही आणि त्यापायी चांगल्या माणसांचे वर्ष वाया जाते.

जाहिरात दिसली की अर्ज टाकायचा, ही सवय आधी सोडा. पगाराचा पैसा कुणाच्या नावावर येतो आणि संशोधनाचा प्रश्न कुणाचा आहे, या दोन गोष्टींवर पुढचे सगळे ठरते. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

१. पैसा कुणाचा, ते ठरवा

पहिली वाट प्रकल्पातल्या रिसर्च असोसिएटची, म्हणजे आरएची. पीआयला, म्हणजे लॅबच्या प्रमुख संशोधकाला, डीबीटी, आयसीएमआर किंवा एएनआरएफ या केंद्राच्या निधी देणाऱ्या संस्थांकडून मिळालेल्या प्रकल्पात ही जागा असते. डीएसटीच्या, म्हणजे केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या, जून २०२३ च्या आदेशाप्रमाणे आरए-१ ला महिना ५८,०००, आरए-२ ला ६१,००० आणि आरए-३ ला ६७,००० रुपये मिळतात, वर घरभाडे भत्ता. पुणे केंद्राच्या वर्गवारीत एक्स शहर असल्याने भत्त्याचा दर सर्वांत वरचा. ३० टक्के धरला तर ५८,००० वर १७,४०० रुपये होतात. रुजूही लवकर होता येते. पण प्रश्न पीआयचा असतो आणि प्रकल्प संपला की जागा संपते. जाहिरातीत ‘तीन वर्षांचा प्रकल्प’ असे लिहिलेले असते; त्यातले किती महिने उरलेत, हे विचारून घ्या. आधीचा माणूस मधेच सोडून गेलेला असतो आणि हाती वर्षभरच उरलेले असते, असे पुष्कळदा घडते.

दुसरी वाट स्वतःच्या फेलोशिपची. नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप, म्हणजे एनपीडीएफ, आधी सर्ब ही केंद्राची संस्था देत असे, आता एएनआरएफ देते. मुदत २ वर्षे, वयोमर्यादा ३५. अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, दिव्यांग आणि महिला यांना ५ वर्षांची सवलत. ही आयुष्यात एकदाच मिळते. सर्बच्या काळात तिची रक्कम महिना ५५,००० रुपये एकत्रित होती, म्हणजे घरभाडे त्यातच. म्हणून कोणत्याही योजनेची रक्कम पाहताना ‘एकत्रित’ हा शब्द आहे का ते बघा. दिसायला मोठी रक्कम पुण्यातल्या आरएपेक्षा कमी भरू शकते. तरीही आमचे मत एनपीडीएफच्या बाजूने आहे. प्रस्ताव तुमचा, खर्चायला स्वतंत्र निधी आणि पुढे प्राध्यापकपदाच्या मुलाखतीत ‘हे काम माझे’ असे सांगता येते.

बाकीच्या योजना थोडक्यात. सीएसआयआरची आरए थेट उमेदवाराला मिळते. डीबीटीची आरए योजना बेंगळुरूच्या आयआयएससीमार्फत चालत आली आहे. आयसीएमआरची पोस्टडॉक फेलोशिप आयसीएमआरच्याच संस्थांत करायची असते, म्हणजे पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्थेसारख्या (एनआयव्ही) ठिकाणी. इंडिया अलायन्सची अर्ली करिअर फेलोशिप ५ वर्षांची आणि फार चुरशीची आहे. संसार, बाळंतपण, बदली यांमुळे संशोधन सुटलेल्या स्त्रियांनी डीएसटीची वाइज-पीडीएफ जरूर पाहावी. तिथे वयाची चौकट २७ ते ६० आहे.

सगळ्यात व्यवहारी उपाय असा : आरए म्हणून लॅबमध्ये रुजू व्हा आणि तिथूनच त्याच पीआयबरोबर फेलोशिपचा अर्ज टाका. प्राथमिक निकाल हाताशी असतात आणि पोटापाण्याची सोयही होते.

२. पुण्यात कुठे काय चालते

पाषाणच्या डॉ. होमी भाभा रस्त्यावर एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) एकमेकांच्या शेजारी आहेत. आयसर २००६ सालचे. तिथे जीवशास्त्र विभाग मोठा आहे, आणि उंदीर, फळमाशी यांच्यावर जनुकीय काम करायचे असेल तर त्यासाठीची राष्ट्रीय सुविधाही त्याच आवारात आहे. एनसीएलमध्ये एन्झाइम, प्रथिनांची रचना, औद्योगिक सूक्ष्मजीव या बाजूने काम जास्त होते.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात बायोटेक्नॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, प्राणिशास्त्र हे विभाग आणि इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मेटिक्स अँड बायोटेक्नॉलॉजी आहे. विद्यापीठातल्या लॅब लहान असतात. तिथे बारीकसारीक कामही स्वतः करावे लागते, पण हाताखाली एमएस्सीची मुले असतात आणि शिकवण्याचा अनुभव मिळतो. विद्यापीठाच्याच आवारात एनसीसीएस, म्हणजे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे : कॅन्सर, रोगप्रतिकारशक्ती, स्टेम सेल हे त्यांचे विषय, आणि देशभर सेल लाइन पुरवणारे भांडारही तिथलेच.

एनआयव्हीचे मुख्य कार्यालय कॅम्पात आणि बीएसएल-४, म्हणजे सर्वांत कडक जैवसुरक्षेची प्रयोगशाळा पाषाणला. विषाणूंवर काम करायचे असेल तर याला तोड नाही. मात्र नमुने, आकडेवारी आणि प्रकाशन यांवर परवानग्यांचे बंधन असते, ते समजून जा. आघारकर संशोधन संस्था आगरकर रस्त्यावर आहे. आडनावे वेगळी, माणसे वेगळी. नवखा माणूस पत्त्यात हमखास गोंधळतो. तिथे वनस्पती, सूक्ष्मजीव, विकासात्मक जीवशास्त्र असे काम चालते.

संस्थेच्या नावापेक्षा लॅबची गेल्या पाच वर्षांची प्रकाशने पाहा. त्यात पोस्टडॉक पहिला लेखक कितीदा आहे ते मोजा. एकदाही नसेल तर कारण विचारण्याजोगे आहे.

३. तारखा, वय आणि नाव

बरेच अर्ज विज्ञान वाचले जाण्याआधीच इथे बाद होतात.

वय मोजले जाते अर्जाच्या शेवटच्या तारखेला. ३५ पूर्ण व्हायला चार महिने उरले असतील तर ‘पुढच्या कॉलला (अर्ज मागवण्याच्या फेरीला) बघू’ म्हणू नका, पुढचा कॉल तुमच्यासाठी नसेल.

पीएचडीची तारीख म्हणजे व्हायवाची (तोंडी परीक्षेची) की पदवीदान समारंभाची, यावर घोळ होतो. साधारणपणे विद्यापीठाने काढलेल्या अधिसूचनेची किंवा प्रोव्हिजनल प्रमाणपत्रावरची तारीख धरतात. व्हायवा झाल्याबरोबर प्रोव्हिजनलसाठी अर्ज करा, समारंभाची वाट पाहू नका.

जातीच्या दाखल्याचा सापळा खास आपल्याकडचा. महाराष्ट्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला केंद्राच्या योजनेत चालत नाही. केंद्रीय नमुन्यातला दाखला आणि अर्जाच्या तारखेला वैध असलेले नॉन-क्रीमीलेअर लागते. विमुक्त जाती आणि भटक्या जमाती हे राज्याचे प्रवर्ग. त्यातल्या अनेक जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, पण आपली आहे का, ते यादी उघडून पाहावे लागते. एसईबीसीचा दाखला केंद्रात उपयोगी पडत नाही, आणि ईडब्ल्यूएसला बहुतेक केंद्रीय फेलोशिपमध्ये वयाची सवलत नसते. सेतू केंद्रात किती दिवस लागतील याचा भरवसा नसतो, म्हणून कॉल निघायच्या आधीच हे काम उरकून ठेवा.

नावाचेही तसेच. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पॅनवर वडिलांचे नाव गायब आणि शोधनिबंधात नुसती आद्याक्षरे, असे असले की ऑनलाइन अर्ज अडकतो. लग्नानंतर नाव बदलले असेल तर राजपत्रातली प्रसिद्धी किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडा. ऑर्किड (ORCID) हा संशोधकाचा ओळख क्रमांक काढून सगळी प्रकाशने त्याखाली आणा, म्हणजे दोन आडनावांखाली छापलेले काम एकाच माणसाचे ठरते.

एका फोल्डरमध्ये हे स्कॅन तयार ठेवा, प्रत्येक फाइल लहान आकाराची आणि नाव कळेल अशी :

– दहावीचे प्रमाणपत्र (जन्मतारखेसाठी)
– पदवी आणि एमएस्सीच्या गुणपत्रिका
– पीएचडीची अधिसूचना किंवा प्रोव्हिजनल. थीसिस नुकताच दिला असेल तर सादर केल्याचे पत्र
– केंद्रीय नमुन्यातला जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, जे लागू असेल ते
– आधार, पॅन, बँकेचा रद्द केलेला धनादेश
– दोन पानांचा बायोडेटा आणि प्रकाशनांची यादी
– तीन संदर्भदात्यांची नावे आणि संस्थेचे ईमेल पत्ते

पीएचडीच्या गाईडशी संबंध बिनसले असतील तर सल्लागार समितीतले सदस्य किंवा सहलेखक चालतात. पीआय मात्र गाईडना फोन करतातच. म्हणून काय झाले ते दोन वाक्यांत, कुणावर चिखल न उडवता, स्वतःच आधी सांगून टाका.

४. पीआयला ईमेल

कॉलच्या निदान चार महिने आधी लिहा. दीडशे ते दोनशे शब्द पुरे. विषयाच्या ओळीत कोणती फेलोशिप आणि कोणत्या साली, हे असू द्या.

वाया जाणारा ईमेल ‘आदरणीय महोदय, आपल्या नामांकित प्रयोगशाळेत’ असा सुरू होतो आणि ‘पीसीआर, वेस्टर्न, क्लोनिंग येते’ अशी तंत्रांची यादी देऊन संपतो. तंत्रे सगळ्यांनाच येतात. उत्तर मिळवणारा ईमेल असा असतो : पहिल्या दोन ओळींत तुम्ही पीएचडीत काय शोधले, पुढे त्यांच्या एका निबंधातल्या नेमक्या आकृतीबद्दल तुम्हाला पडलेला प्रश्न, मग तो प्रश्न तुम्ही कोणत्या प्रयोगाने सोडवाल, ते एका वाक्यात, शेवटी रुजू होण्याचा महिना. सोबत बायोडेटा आणि तुमचा सर्वांत चांगला एक निबंध.

एकाच विभागातल्या पाच जणांना एकच मजकूर पाठवू नका. ही माणसे दुपारी एकत्र जेवतात. दहा दिवस उत्तर नाही आले तर एक आठवण द्या, मग पुढच्या लॅबकडे वळा.

५. प्रस्ताव

दोन वर्षांचा प्रस्ताव लिहिताना हातात चोवीस महिने धरू नका. रीएजंटची खरेदी, परवानग्या आणि कामाचा जम बसणे यात पहिले तीन-चार महिने जातात, शेवटचे तीन लिहिण्यात. उरलेल्या काळात दोन उद्दिष्टे नीट होतात. तिसरे लिहायचेच तर ते पहिल्या दोनांवर अवलंबून नको. ‘पहिल्या उद्दिष्टात सापडलेल्या जनुकावर दुसऱ्यात काम करू’ हे वाक्य परीक्षकाला खटकते, कारण जनुक सापडलेच नाही तर सगळा डोलारा कोसळतो.

खर्चाचा अंदाज वास्तव ठेवा. सर्बच्या वेळी एनपीडीएफचा संशोधन निधी वर्षाला २ लाख रुपये होता. परदेशी कंपनीची एक चांगली अँटीबॉडी तीस-चाळीस हजारांच्या घरात जाते. चार अँटीबॉडी आणि एक आरएनए काढण्याचा किट घेतला की वर्ष संपले. म्हणून प्रस्तावात स्पष्ट लिहा की सिक्वेन्सिंगचा खर्च पीआयच्या कोणत्या चालू प्रकल्पातून होणार, आणि कन्फोकल सूक्ष्मदर्शकासारखी उपकरणे संस्थेच्या सामाईक सुविधेतून मिळणार. आपल्याकडे नसलेले उपकरण देशात कुठे आहे, ते आय-स्टेम पोर्टलवर सापडते.

रीकॉम्बिनंट डीएनएचे काम असेल तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची, म्हणजे आयबीएससीची मान्यता लागते. प्राणी असतील तर प्राणी नैतिकता समितीची, रुग्णांचे नमुने असतील तर मानवी नैतिकता समितीची. या समित्या रोज बसत नाहीत. एक बैठक चुकली तर पुढच्या बैठकीपर्यंत प्रयोग थांबतो. पीआयकडे त्याच कामाची मान्यता आधीच आहे का आणि त्यात तुमचे नाव वाढवता येईल का, हे अर्जाच्या वेळीच विचारा.

शेवटी एंडॉर्समेंट, म्हणजे संस्थेचे संमतीपत्र. संस्थाप्रमुखांची सही आणि शिक्का लागतो. विद्यापीठात ही फाइल विभागप्रमुखांकडून कुलसचिवांच्या कार्यालयात जाते आणि एक-दोन आठवडे सहज घेते. त्यात दिवाळी किंवा गणपती आले तर आणखी. पीआयलाही पोर्टलवर नोंदणी करून संमती द्यावी लागते आणि त्यांच्याकडे आधीच किती फेलो आहेत यावर मर्यादा असते. हे आधी तपासा. शेवटच्या दिवशी पोर्टल रांगते, तेव्हा तीन दिवस आधी अर्ज सादर करा.

६. मुलाखत

प्रकल्पाच्या जागांसाठी पुण्यात अनेकदा वॉक-इन मुलाखती असतात. जाहिरातीत दिलेल्या वेळेआधी मूळ कागदपत्रे आणि साक्षांकित प्रतींचा एक संच घेऊन हजर राहा. प्रवासखर्च बहुधा मिळत नाही. विद्यापीठ चौकातून जायचे असेल तर सकाळच्या वाहतुकीसाठी अर्धा तास जादा धरा.

प्रश्न मात्र कागदपत्रांवर नसतात. समिती तुमच्याच आकृतीवर बोट ठेवते. एक नमुना घ्या. तुम्ही सांगता : ९६ खणांच्या प्लेटमध्ये क्यूपीसीआर केले, १० जनुके, २ संदर्भ जनुके, ४ नमुने, प्रत्येकी दोन प्रती. गणित जुळते, १२ गुणिले ४ गुणिले २ बरोबर ९६. मग पुढचा प्रश्न येतो : टेम्प्लेट नसलेला कंट्रोल कुठे बसवला? रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज नसलेला कुठे? चार नमुन्यांत दोन कंट्रोल आणि दोन ट्रीटेड असतील, तर जैविक प्रती दोनच झाल्या. त्यावर सांख्यिकी चाचणी कशी लावली? इथे ‘तांत्रिक प्रती होत्या’ असे उत्तर दिले की मुलाखत हातची गेली म्हणून समजा. एकाच नळीतून दोनदा घेतलेला थेंब पिपेटिंगची अचूकता दाखवतो, पेशींतला फरक दाखवत नाही.

असेच आणखी प्रश्न तयार ठेवा. प्रायमरची कार्यक्षमता किती होती? ९० ते ११० टक्के ठीक. शंभर टक्के म्हणजे स्टँडर्ड कर्व्हचा उतार उणे ३.३२ च्या आसपास. आरएनएचे २६०/२८० चे गुणोत्तर २.० आले पण २६०/२३० एकच्याही खाली, असे का? ग्वानिडीन किंवा फिनॉल राहून गेले; इथेनॉलची धुलाई पुन्हा करायची. क्रिस्पर नॉकआउटमध्ये दोन वेगळे गाइड आरएनए वापरले का, आणि जनुक परत घालून परिणाम पूर्ववत झाला का? न येणाऱ्या प्रश्नाला ‘हे मी तपासले नव्हते, असे तपासता आले असते’ हे चांगले उत्तर आहे. समितीत बसणारी माणसे त्याची कदर करतात.

७. हो म्हणण्याआधी विचारायचे

पीआयला : प्रकल्पाचे किती महिने उरले? पहिला लेखक कोण, हे केव्हा ठरते? लॅब सोडताना प्रश्नाचा कोणता भाग मला बरोबर नेता येईल? शिकवणे किंवा एमएस्सीची प्रात्यक्षिके किती? हे विचारताना संकोच वाटतो, विशेषतः ‘सर’, ‘मॅडम’ म्हणायची सवय असलेल्या आपल्या मुलांना. मोकळेपणाने विचारा, आणि मिळालेले उत्तर ‘आपले बोलणे झाले त्याप्रमाणे’ असे म्हणून ईमेलने लिहून ठेवा.

लॅबमधल्या मुलांना वेगळे, चहाच्या वेळी विचारा : स्टायपेंड दर महिन्याला येतो का? गेल्या वर्षी किती महिने रखडला? प्रकल्पाचा पुढचा हप्ता खर्चाचे विवरण आणि उपयोगिता प्रमाणपत्र गेल्यावरच सुटतो. ते उशिरा गेले की सगळ्यांचे पैसे अडकतात. तीन महिन्यांचा खर्च गाठीशी ठेवूनच पुण्यात या.

गुरुवारबद्दलही विचारा. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज बहुधा गुरुवारी जाते, पाणीही अनेकदा त्याच दिवशी बंद असते. जनरेटरची लाइन तुमच्या मायनस ऐंशीच्या फ्रीझरपर्यंत आणि इन्क्युबेटरपर्यंत येते का, हे डोळ्यांनी पाहून घ्या.

८. राहणे आणि रुजू होणे

पोस्टडॉकला वसतिगृह मिळेलच असे नाही. पाषाण, सुतारवाडी, सूस रस्ता, औंध हे भाग सोयीचे. करार ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स असतो. महाराष्ट्रात तो नोंदणीकृत असलाच पाहिजे, भले घरमालक नको म्हणो. घरभाडे भत्त्यासाठी आणि पत्त्याच्या पुराव्यासाठीही तोच करार उपयोगी पडतो.

रुजू होण्याची तारीख मंजुरीपत्रातल्या मुदतीत बसवा. आधीच्या नोकरीचे कार्यमुक्ती पत्र आणा. दोन ठिकाणचे मानधन एका दिवसासाठीही एकत्र आले तर वसुली होते.

९. पहिले तीन महिने

पहिल्या आठवड्यात ऑर्डर टाका. खरेदी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून किंवा कोटेशनमधून जाते आणि परदेशी रीएजंट यायला सहा ते आठ आठवडे लागतात. ड्राय आइसमध्ये येणारा माल शुक्रवारी विमानतळावर उतरणार नाही, हे पुरवठादाराशी बोलून ठरवा. शनिवार-रविवार कस्टम्समध्ये पडलेला एन्झाइम कामाचा राहत नाही. प्लाझमिड बाहेरून मागवायचा असेल तर मटेरियल ट्रान्सफर करारावर संस्थेची सही लागते, तोही अर्ज याच आठवड्यात.

नवी सेल लाइन आली की ती इतरांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवू नका. आधी मायकोप्लाझ्माची (पेशींना नकळत लागणाऱ्या जीवाणूची) पीसीआर तपासणी, शक्य तर पेशींची ओळख पटवणारे एसटीआर प्रोफाइल, मग वाढवून लगेच आठ-दहा व्हायल द्रवरूप नायट्रोजनमध्ये. शेजारच्या लॅबमधून ‘आमच्याकडे आहे की’ म्हणून उचललेल्या पेशी याला अपवाद नाहीत. उलट मायकोप्लाझ्मा बहुतेक वेळा त्याच वाटेने येतो.

पहिला प्रयोग म्हणून लॅबने आधी प्रसिद्ध केलेला एक निकाल स्वतःच्या हाताने पुन्हा काढा. तो आला तर पुढचे काम पक्क्या पायावर उभे राहते. नाही आला तर पीआयला महिन्याभरात कळवा, वर्षभराने नाही.

खर्चाची नोंद पहिल्या बिलापासून ठेवा. ३१ मार्चला वर्ष बंद होते आणि मधल्या काळात हरवलेले एक बिल सगळे विवरण अडवते. बाराव्या महिन्यात पुढच्या अर्जाला लागा : डीएसटीच्या इन्स्पायर फॅकल्टी फेलोशिपला वयोमर्यादा ३२ आहे, सवलतीच्या गटांना त्याहून जास्त, आणि इंडिया अलायन्समध्ये पीएचडीनंतर किती वर्षे झाली ते मोजतात. दोन्हीकडे प्रस्ताव लिहिण्यापासून निकाल हाती येण्यापर्यंत वर्षभर जाते, आणि तुमची दोन वर्षे त्याआधीच संपत आलेली असतात.